घरची धार

आपल्या घरात रोज हाती येणारी, पण आपण जिचा कधी विचार करीत नाही अशी हत्यारे कोणती? विळी, सुरी आणि कात्री. सकाळी भाजी चिरताना विळी चालेनाशी झाली म्हणजे आपण तेवढ्यापुरते कुरकुरतो, हिची धार गेली म्हणतो, आणि टोमॅटो चिरडत का होईना, स्वयंपाक पुरा करतो. पण धार गेली म्हणजे नेमके काय गेले? ती परत आणण्याची विद्या माणसाला कशी सापडली? आणि एके काळी घरोघरी असलेली ही विद्या आपल्या हातून कशी निसटत चालली?

आज मी आपल्याला या धारेचा इतिहास सांगणार आहे. तो राजांच्या तलवारींचा इतिहास नव्हे. तलवार वाटेत भेटेल, पण आपला मुक्काम स्वयंपाकघरातच आहे. आणि इतिहास सांगून झाल्यावर घरातल्याच वस्तूंनी सुरीला आणि कात्रीला धार कशी लावावी तेही सांगेन. या विषयात इतिहास एका खोलीत आणि कृती दुसऱ्या खोलीत, असा प्रकार नाही. जुन्या माणसांनी जे केले तेच आपल्याला करायचे आहे.

प्रथम धार म्हणजे काय ते पाहू. पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे एकमेकींना मिळतात, ती रेघ म्हणजे धार. रेघ जितकी बारीक, तितका आपल्या हाताचा जोर थोड्या जागेवर एकवटतो आणि वस्तू कापली जाते. वापरता वापरता ही रेघ दोन तऱ्हांनी बिघडते. एक तर ती झिजून गोल होते. किंवा ती फारशी झिजत नाही, नुसती एका अंगाला कलंडते; इतकी थोडी की डोळ्यांना दिसू नये. पहिल्या दुखण्याला इलाज घासण्याचा. दुसऱ्याला इलाज रेघ सरळ करून बसवण्याचा. घासण्यासाठी खरखरीत आणि कठीण वस्तू लागते. बसवण्यासाठी गुळगुळीत किंवा मऊ वस्तू लागते. एवढे सूत्र ध्यानात ठेवा. पुढची सारी हकीकत या दोन गोष्टींचीच आहे.

आता जरा मागे जाऊ. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे गाव आहे. तिथे १९६८ पासून पुढे बरीच वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. त्याआधी १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेकाठच्या नेवाशाला असेच खोदकाम केले होते. या वस्त्यांमधल्या माणसांना तांबे ठाऊक होते, पण ते दुर्मिळ होते. म्हणून रोजच्या कापाकापीला ती माणसे गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान लहान पाती वापरीत. हा दगड आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात जागोजाग सापडतो. त्याचा गोळा युक्तीने फोडला की लांबट, पातळ पाती निघतात आणि त्यांची कड काचेसारखी तीक्ष्ण असते.

गंमत अशी की, या पात्यांना फारशी धार लावावी लागत नसे. कड बोथटली की पाते टाकून द्यायचे आणि नवे काढायचे. वापरा आणि फेका हा प्रकार आपल्याला आजचा वाटतो, पण गारगोटीच्या पात्यांची तीच रीत होती.

मग धार लावणे सुरू कुठे झाले? ते मुख्यतः कुऱ्हाडीपासून. झाड तोडायला पातळ पाते चालत नाही. तिथे जड, चिवट दगड लागतो, आणि तो फोडून आपोआप तीक्ष्ण होत नाही. तो दुसऱ्या दगडावर घासावा लागतो. नेवाशाला अशा घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. आणि शेजारच्या कर्नाटकात, बळ्ळारीजवळ संगनकल्लूच्या टेकड्यांवर, त्या काळच्या माणसांनी जिथे कुऱ्हाडी घासल्या ते खडकच आजही दिसतात. खडकावर लांबट, गुळगुळीत खळगे पडलेले आहेत. हजारो वेळा एकाच जागी हात चालल्याशिवाय तसा खळगा पडत नाही. जरा विचार करा, त्या माणसाचे नाव आपल्याला कळणे शक्य नाही, त्याची भाषा कळणे शक्य नाही. पण त्याचा हात पुढे-मागे कसा चालत होता ते आपण खळग्यावरून सांगू शकतो.

दगडानंतर तांबे आले आणि तांब्यानंतर लोखंड. विदर्भात नागपूरच्या आसपास माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा या ठिकाणी डॉ. शां. भा. देव यांच्यासारख्या संशोधकांनी मोठमोठ्या दगडांची वर्तुळे उकरली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या माणसांच्या त्या दफनभूमी होत. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी निघाल्या, आणि नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. लोखंड आले तसा सगळा हिशेब बदलला. लोखंडी पाते तयार करायला खाण लागते, कोळसा लागतो, भाता लागतो, लोहार लागतो. इतक्या कष्टाने झालेले पाते बोथटले म्हणून कोणी फेकून देईल का? ते जपायचे, घासायचे आणि झिजून काडी होईपर्यंत वापरायचे. धार लावणे ही घरोघरची गरज झाली ती अशी.

या विद्येचा फार सुंदर उल्लेख आपल्याला कुठे सापडतो म्हणाल, तर सुश्रुतसंहितेत. हा वैद्यकाचा, विशेषतः शस्त्रक्रियेचा ग्रंथ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आलेला. त्याच्या सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रांची निगा कशी राखावी ते सांगितले आहे. शस्त्र परजायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा घ्यावी, आणि धार नीट बसून राहावी म्हणून शाल्मलीची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, फळी वापरावी, असा तिथे निर्देश आहे. पाहिलेत? आधी शिळा, मग मऊ लाकडाची फळी. घासणे आणि बसवणे. आपले सूत्र तिथे जसेच्या तसे आहे. धार पुरी झाली हे ओळखावे कसे, तेही ग्रंथकार सांगतो: अंगावरचा केस कापला गेला पाहिजे.

त्याच अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आपल्या स्वयंपाकघराच्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी की सगळ्या हत्यारांची धार सारखी नसावी. भेद करण्याच्या शस्त्राची धार मसुराएवढी, खरवडण्याच्या शस्त्राची अर्ध्या मसुराएवढी, टोचण्याच्या शस्त्राची केसाएवढी आणि छेद घेण्याच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी, असे माप दिलेले आहे. म्हणजे काम पाहून धार ठरवायची. नारळ फोडायच्या कोयत्याला जाड धार, मेथी चिरायच्या सुरीला पातळ. कोयत्याला सुरीसारखी पातळ धार केली तर पहिल्याच घावाला ती तुटेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. तापवलेले शस्त्र क्षारात, पाण्यात किंवा तेलात बुडवून त्याला कठीणपणा आणायचा, याला सुश्रुताने पायना म्हटले आहे. पायना म्हणजे पाजणे. आपला लोहार आजही म्हणतो, कोयत्याला पाणी पाजले, पाणी दिले. दोन हजार वर्षांत शब्दातली कल्पना बदललेली नाही. आणि हे पाणी उतरले, म्हणजे पोलादाचा कठीणपणा गेला, की मग तुम्ही कितीही धार लावा, ती टिकत नाही. माणसाचे पाणी उतरले असे आपण म्हणतो, तेव्हा हत्यार काही आपल्या डोळ्यांपुढे नसते. पण त्या बोलण्याचा अर्थ लोहाराला सांगावा लागत नाही.

शस्त्रवैद्याची ही शिळा आणि फळी पुढे कोणाच्या हातात दिसतात? गावच्या न्हाव्याच्या. त्याच्या धोपटीत एक निसणा असे आणि एक चामड्याचा पट्टा असे. निसण्यावर वस्तरा घासायचा, पट्ट्यावर तो बसवायचा. हा निसणा शब्द संस्कृतातल्या निशान या शब्दाशी नाते सांगतो. निशान म्हणजे परजणे. आणि देवघरात चंदन उगाळायची जी सहाण असते, तिचे मूळ शाण या शब्दात आहे. शाण म्हणजेही धार लावायचा दगड. एकीकडे वस्तरा, दुसरीकडे चंदन. पण घासायचा दगड म्हणून दोन्ही एकाच घराण्यातले.

घरात मात्र वेगळा निसणा असेच असे नाही. तिथे पाट्याची कड होती, उंबऱ्याचा चिरा होता, विहिरीच्या काठचा दगड होता. विळीला, खुरप्याला, कोयत्याला त्यावर धार लागे. आपला दख्खनी काळा पाषाण लोखंड घासतो, पण सावकाश घासतो, कारण त्यातले कण गारगोटीइतके कठीण नसतात. ज्या भागात वाळूचा दगड मिळतो तिथे काम लवकर होते, कारण वाळूचा कण म्हणजे गारगोटीच. म्हणून गावोगावच्या जाणत्या बायकांना आणि शेतकऱ्यांना कुठला दगड धारेला चांगला, हे नेमके ठाऊक असे. हे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही. सासूने सुनेला दाखवले, बापाने मुलाला दाखवले, एवढीच त्याची पोथी.

आता तलवारीकडे येऊ. मोठ्या पात्यांना धार लावणे आणि झिलई देणे हे शिकलगारांचे काम. सैकल म्हणजे झिलई देणे हा अरबी शब्द. त्याला फारसी गर हा प्रत्यय लागून शिकलगार झाला. आजही सांगली-कोल्हापूरकडे शिकलगार हे आडनाव आपल्याला भेटते. दोरीने किंवा पायाने फिरणारे चाक हे त्यांचे मुख्य साधन. हे चाक कशाचे असे? कुरुंदाच्या दगडाची भुकटी लाखेत मिसळून त्याचे चाक करीत. कुरुंद हा हिऱ्याखालोखाल कठीण खनिजांत मोडतो. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द दक्षिणेतल्या आपल्याच कुरुंदावरून गेलेला आहे. शब्द गेला तसे पोलादही गेले. दक्षिण भारतातल्या वूट्झ नावाच्या पोलादाची कीर्ती ऐकून लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८१९ साली त्याचे पृथक्करण केले, आणि पुढे जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर पोलादावर प्रयोग चालवले. विजेच्या संशोधनासाठी आपण ज्यांचे नाव शाळेत शिकवतो, तेच हे फॅरेडे.

मात्र शिकलगाराचे दिवस फिरले. १८१८ साली पेशवाई गेली, सरदारांच्या फौजा मोडल्या. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लावला. १८६० साली तसा कायदा झाला आणि १८७८ साली शस्त्रांचा मोठा कायदा आला. परवान्याशिवाय तलवार बाळगणे गुन्हा ठरला. कायदा तलवारीसाठी होता, पण त्याचा घाव तलवारीला झिलई देणाऱ्याच्या पोटावर बसला. शिकलगार मग सुऱ्या, विळ्या, अडकित्ते आणि कात्र्या यांच्याकडे वळला. खांद्यावर चाक घेऊन तो दारोदार हिंडू लागला. पुढे सायकल आल्यावर त्याने सायकललाच चाक जोडले. १९५९ साली स्वतंत्र भारताचा नवा शस्त्र कायदा झाला आणि जुना गेला, पण तोवर तलवारीचे काम परत येण्याजोगे राहिले नव्हते. दारात चाक फिरवताना ठिणग्या उडवणारा तो माणूस लहानपणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या मागे इतका इतिहास उभा आहे.

विलायतेतही काही वेगळे घडत नव्हते. तिथल्या घरांत सुऱ्या साफ करायला एक फळी असे आणि तिच्यावर बारीक विटेची भुकटी टाकून सुरी घासत. १८९१ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले. हा कुरुंदापेक्षाही कठीण असा मानवनिर्मित पदार्थ. आज बाजारात मिळणारा काळा-करडा धारेचा दगड बहुधा त्याचाच असतो. मग १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळीसाठी प्रयोग करताना क्रोमियम घातलेले न गंजणारे पोलाद केले. त्याच्या सुऱ्या करायची कल्पना त्यांनी मांडली तेव्हा कारागिरांनी टर उडवली की या सुऱ्या कापतच नाहीत. ती टीका अगदीच खोटी नव्हती. या पोलादाला पाणी देण्याची रीत निराळी होती आणि ती सापडायला वेळ लागला.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे हळूहळू घरोघरी स्टेनलेस स्टील आले. न गंजणे ही मोठीच सोय झाली. पण स्वस्तातले स्टील ना फार कठीण, ना जुन्या पोलादासारखे सहज परजले जाणारे. त्यात दातेरी पात्याच्या, प्लास्टिकच्या मुठीच्या सुऱ्या आल्या. दातेरी पाते साध्या दगडावर घासता येत नाही. बोथटले की फेकायचे. म्हणजे आपण फिरून इनामगावच्या गारगोटीपाशी आलो. फरक इतकाच की, इनामगावचा शेतकरी नवे पाते स्वतः काढी. आपल्याला ते विकत आणावे लागते.

आता कोणी म्हणेल, वीस-तीस रुपयांच्या सुरीसाठी एवढा खटाटोप कशाला? याला माझे उत्तर असे. बोथट सुरी ही धारदार सुरीपेक्षा जास्त धोक्याची. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की बोटावर येते. जिला रोज दहा माणसांचा स्वयंपाक करायचा आहे, तिच्या मनगटाला विचारा धारेची किंमत काय ते. आणि जी वस्तू आपल्याला दुरुस्त करता येत नाही, तिच्या बाबतीत आपण कायमचे दुसऱ्याचे ताबेदार असतो, हेही खरे.

तर आता कृती. साधी, बिनदातेरी सुरी घ्या. घरात धारेचा दगड असेल तर उत्तम. नसेल तर चिनीमातीचा कप पालथा घाला. त्याच्या बुडाशी जी गोल कड असते, तिला चकाकी नसते. हात लावला तर ती खरखरीत लागते. भट्टीत भाजलेली ती माती पोलादापेक्षा कठीण असते. कप ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. पाट्याची कड वापरायची तर बाजूची किंवा खालची वापरा. ज्या तोंडावर आपण वाटण वाटतो तिथे लोखंड घासू नका, नाहीतर लोखंडाचा कीस चटणीत येईल. दगड असो की कप, पाण्याने ओला करा.

सुरी दगडावर आडवी ठेवून तिची पाठ थोडी उचला. पाते चार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ सुमारे सव्वा ते दीड सेंटिमीटर उचलली की पुरे. हा कोन हाताला कळत नसेल तर एक सोपी युक्ती करा. धारेच्या उतरत्या भागावर बोटाने काजळ लावा आणि सुरी दोन-तीन वेळा घासून पाहा. काजळ अगदी कडेपर्यंत सारखे निघाले तर कोन बरोबर. वरच्या बाजूचेच निघाले तर पाठ अजून थोडी उचला. फक्त कडेचे निघाले तर पाठ जास्त उचलली गेली आहे, थोडी खाली घ्या.

मग मुठीकडून टोकापर्यंत, हलक्या हाताने, एकाच कोनात घासत जा. एक बाजू घासताना दुसऱ्या बाजूच्या कडेला एक अतिशय बारीक खरखरीत किनार उठते. बोट धारेवरून लांबीने फिरवू नका. पात्याच्या पाठीकडून धारेकडे, आडवे आणि अलगद न्या, म्हणजे ती किनार बोटाला लागेल. ती मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे उठली की समजा, ती बाजू झाली. मग सुरी उलटी करून दुसरी बाजू तशीच घासा. शेवटी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पाच-सहा वेळा अगदी हलके हात द्या.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि म्हणून त्यांची धार दोन दिवसांत जाते. आता सुश्रुताची फळी आठवा. चामड्याचा जुना कमरपट्टा उलटा करून फळीवर ताणून धरा. तो नसेल तर वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्या फळीवर घाला. सुरी त्यावरून ओढा, पण धार पुढे करून नव्हे; पाठ पुढे आणि धार मागे, अशी. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. ती खरखरीत किनार निघून जाते आणि धार बसते. पारख केसावर करू नका. एखादा कागद उभा धरून कापा. न फाटता सरळ चिरला गेला की काम झाले.

विळीचे पाते पाटाला बसवलेले असते. ते दगडावर नेता येत नाही, म्हणून दगडाचा लहान तुकडाच पात्यावर फिरवायचा. विळी पायाखाली घट्ट धरा, दगडाचा तुकडा धारेच्या बाहेर बोट येणार नाही असा पकडा, आणि खालून वर एकाच दिशेने चालवा.

कात्रीची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिथे फार जण चुकतात. कात्रीची दोन पाती एकमेकांना घासून जातात, म्हणून आतली बाजू सपाट असते. ती कधीही घासायची नाही. ती घासली की पात्यांमध्ये फट पडते आणि कापड कापले न जाता दुमडते. घासायचा तो फक्त बाहेरचा उतार, आणि त्याचा कोन सुरीपेक्षा पुष्कळ उभा असतो. तो आधीच कारागिराने दिलेला असतो. काजळ लावून तोच पकडा. धारेवर उठलेली किनार काढायला कात्री सावकाश उघड-मीट करा आणि जाड कापडाच्या चार-दोन पट्ट्या कापा.

घरोघरी एक उपाय सांगतात की, काचकागद, म्हणजे ज्याला आपण पॉलिश पेपर म्हणतो तो, कात्रीने कापला की धार येते. यात अर्धे तथ्य आहे. खरखरीत बाजू बाहेर ठेवून घडी घाला आणि आठ-दहा वेळा कापा. उठलेली किनार निघते, पाती स्वच्छ होतात आणि कात्री तेवढ्यापुरती बरी चालते. पण झिजलेली धार त्याने परत येत नाही. आणि हे सगळे करण्याआधी कात्रीचा स्क्रू पाहा. पुष्कळदा धार शाबूत असते, स्क्रूच ढिला झालेला असतो.

दोन गोष्टी टाळा. विजेच्या कोरड्या चाकावर पाते फार वेळ धरू नका. ते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले, आणि मग ते धार धरत नाही. आणि साध्या लोखंडी विळीला, सुरीला वापरल्यावर ओले ठेवू नका. पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवले की गंज धरत नाही.

आता माझ्या शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. प्राचीन इतिहास शिकवताना इनामगाव आणि नेवासे ही नावे मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यांना एकदा गावात फिरवून आणा. जुन्या विहिरीचा काठ, देवळाची पायरी, वाड्याचे जोते, पडक्या घराचा उंबरा पाहा. कुठेतरी दगडावर लांबट, गुळगुळीत खळगा सापडेल. तो कशाने पडला, हे मुलांना विचारा. आपण सांगू नका. मग घरी जाऊन आजीला विचारायला सांगा: आपली विळी कोणत्या दगडावर लावत होतो? तो दगड कुठून आणला होता? दारात चाकवाला कोणत्या महिन्यात येई? खळग्याची लांबी-रुंदी मोजा, आजीचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि गावाचे नाव व तारीख घालून ती वही शाळेच्या कपाटात ठेवा. लहान मुलांच्या हाती पाते देऊ नका. मोजणे, विचारणे आणि लिहिणे एवढे त्यांचे काम.

ही वही लवकर करायला हवी, याचे कारण साधे आहे. खळगा पडलेला दगड आणखी हजार वर्षे राहील. पण जुनी घरे पाडताना उंबऱ्याचे चिरे भरावात जात आहेत, आणि कुठला दगड विळीला चांगला हे सांगणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. संगनकल्लूच्या खडकापाशी उभे राहून आपण हाताचा अंदाज करतो, कारण विचारायला तिथे कोणी नाही. आपल्या गावात अजून आहे. येत्या रविवारी तिच्यापाशी बसा, विळी पुढे करा आणि म्हणा, आजी, हिला जरा धार लावून दाखव.